मुलांसाठी शेजार निवडताना

घर घ्यायचं ठरलं की आपली यादी तयार असते. स्टेशन किती लांब, शेअर रिक्षा रात्री अकरानंतर मिळते का, पाणी रोज येतं की दिवसाआड, ओसी आहे का, शाळेची बस गेटपर्यंत येते का. अंबरनाथ-बदलापूरकडे घर बघायला येणाऱ्या तरुण जोडप्यांची ही यादी आता मला पाठ झाली आहे. सीएसएमटीपासून अंबरनाथ ६० किलोमीटर, बदलापूर ६८. दादर-गिरगावात वाढलेली, मध्ये काही वर्षं डोंबिवलीत भाड्याने राहिलेली माणसं एवढ्या लांब येतात ती किमतीसाठी, यात लपवण्यासारखं काही नाही. यादी संपते, चहा येतो, आणि मग आवाज जरा खाली घेऊन एक प्रश्न येतो, "आजूबाजूला लोक कसे आहेत?"

आज त्याच प्रश्नावर बोलू या. तो विचारण्यात गैर काही नाही. आपलं मूल कोणाबरोबर वाढणार हे आईवडिलांनी बघायचं नाही तर कोणी बघायचं? अडचण एवढीच की उत्तर शोधायला आपण जिन्याखालच्या पाट्या वाचतो. आपल्यासारखी आडनावं दिसली की जीव भांड्यात पडतो. हल्ली उलटाही प्रकार ऐकू येतो, "आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सगळ्या राज्यांचे लोक आहेत, मुलांना छान एक्स्पोजर मिळतं." हे बोलणारेही पाट्याच मोजत असतात, फक्त बेरीज वेगळी. पाट्यांवरून मुलाच्या वाढीबद्दल फारसं काही कळत नाही, असं माझं मत आहे. कशावरून कळतं, ते सांगायचा प्रयत्न करते.

अंबरनाथमधली मोरिवली घ्या. एकेकाळचं गाव. मग औद्योगिक वसाहत आली आणि बाहेरच्यांना मोरिवली म्हटलं की एमआयडीसीच आठवायला लागली. इथे आणि आसपासच्या अंबरनाथमध्ये चालत एक फेरी मारा. आगरी कुटुंबांची जुनी घरं आणि त्यांच्यामध्ये उभे राहिलेले त्यांचेच नवे बंगले. कंत्राटी कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, दारात सुकत घातलेले कारखान्याचे निळे युनिफॉर्म. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली, दोन पिढ्या इथे रुळलेली कुटुंबं. १४ एप्रिलला त्यांच्या वस्त्यांमध्ये दिवाळीपेक्षा मोठा सण. उत्तर प्रदेश-बिहारची माणसं, दक्षिणेची माणसं. आणि मोकळ्या जागा भरत चाललेले टॉवर, ज्यांच्या जाहिरातीत कारखाना कुठेच दिसत नाही.

ही सरमिसळ कोणी ठरवून केलेली नाही. गेल्या शतकात आधी विम्कोचा काडेपेटीचा कारखाना आला, मग ऑर्डनन्स फॅक्टरी, मग एमआयडीसी. ज्याला काम हवं होतं तो आला, आणि ज्याला जिथे परवडलं तिथे त्याने बिऱ्हाड केलं. २०११च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या अडीच लाखांवर होती, शेजारच्या उल्हासनगरची पाच लाखांवर. बदलापूर २००१ मध्ये लाखाच्या आत होतं, ते दहा वर्षांत पावणेदोन लाखांपर्यंत गेलं. त्यानंतर तर टॉवरच टॉवर. म्हणजे तुम्ही जिथे घर बघताय तिथे वेगवेगळे लोक शोधत फिरायची गरज नाही. ते आहेतच. प्रश्न असा की तुमच्या मुलाच्या दिवसात ते कुठे येतात का?

बहुतेकदा येत नाहीत. टॉवरमधलं मूल सकाळी पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातं, संध्याकाळी पोडियमवर खेळतं. खोल्यांमधलं मूल नगरपालिकेच्या शाळेत जातं आणि रस्त्यावर खेळतं. गावातल्या मुलाचं मैदान गावातलं. तिघांच्या घरांमध्ये पाच मिनिटांचं अंतर, आणि तिघं एकमेकांना नावाने ओळखत नाहीत. टॉवरमधल्या मुलाला त्या दुसऱ्या दोघांपैकी कोणी भेटलंच तर ते गाडी पुसणाऱ्याचा किंवा भांडीवालीचा मुलगा म्हणून भेटतं. अशा भेटीतून मूल काही शिकत नाही असं नाही. शिकतं, आणि नेमकं नको ते शिकतं.

नव्या कॉम्प्लेक्सबद्दल आणखी एक गोष्ट. बदलापुरात एखाद्या इमारतीत तमिळ, गुजराती, बंगाली, मराठी सगळे असतील. पण सगळ्यांचं घर वन बीएचके, सगळ्यांच्या पगारातून जवळपास सारखाच हप्ता जातो, सगळ्यांची मुलं त्याच दोन-तीन शाळांत. भाषा अनेक, आर्थिक पायरी एकच. त्यात वाईट काही नाही. मात्र याला विविधता म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेताना जरा थांबा. ओणमचं जेवण आणि नवरात्रातला गरबा दोन्ही अनुभवलेलं मूल, महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर घरात पैसे नसतात म्हणजे काय हे न कळता मोठं होऊ शकतं.

याच्या अगदी उलट उदाहरण इथेच आहे. ऑर्डनन्सची कॉलनी. केंद्र सरकारचा कारखाना, त्यामुळे फिटर केरळचा, शेजारी बंगाली, समोर कानपूरकडचे, खाली नाशिकचे. साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न बघितलं होतं, भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून. या कॉलन्यांमध्ये ते कोणाच्या लक्षातही न येता थोडंफार घडून गेलं. क्वार्टर मात्र हुद्द्याप्रमाणे मिळायचं. टाइप वन इकडे, टाइप फोर तिकडे, आणि मुलांनाही ते पक्कं ठाऊक असायचं. तरी शाळा एक होती. केंद्रीय विद्यालयात कामगाराचा मुलगा आणि अधिकाऱ्याची मुलगी एका बाकावर बसत, आणि गणिताच्या पेपरला टाइप वन-टाइप फोर चालत नसे. त्या कॉलनीतून निघालेली माणसं पन्नाशीतही एकमेकांच्या संपर्कात असलेली मी बघते, हुद्द्याच्या दोन्ही बाजूंची. १ ऑक्टोबर २०२१ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या. त्या व्यवहाराची चर्चा पुष्कळ झाली. अशा कॉलन्या आणि त्यांच्या शाळा मुलांना काय देत होत्या याची फारशी कोणी केली नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: इमारतीपेक्षा शाळा आणि मैदान नीट बघा. मूल जागेपणीचा जास्त वेळ तिथे असतं.

मैदानावरून आठवलं. मॅट लो नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात एक प्रयोग केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या. काही संघ एकाच जातीचे, काही मिश्र, आणि कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. एकाच संघात जे खेळले त्यांच्यात जातीपलीकडच्या मैत्र्या वाढल्या. पण दुसऱ्या जातीचे लोक ज्यांना समोरच्या संघातच जास्त भेटले, त्यांच्या अशा मैत्र्या उलट कमी झाल्या. खेळ तोच, मैदान तेच. फरक कोण कोणाच्या बाजूने खेळलं याचा.

आता आपल्याकडच्या टेनिस बॉलच्या स्पर्धा डोळ्यांसमोर आणा. ठाणे-रायगड पट्ट्यात या खेळाचं वेड काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. संघ कसे पडतात? गावाचा संघ, वस्तीचा संघ, कॉम्प्लेक्सचा संघ. दहीहंडीचं पथकही तसंच, गणपतीचं मंडळही तसंच. म्हणजे वेगळ्या लोकांशी आपल्या मुलांची गाठ पडते ती बहुधा समोरासमोर, चषकासाठी किंवा डीजेच्या आवाजासाठी. मग आपण म्हणतो, इतकी वर्षं शेजारी राहूनही जवळीक कशी नाही? जवळीक व्हावी अशी मांडणीच नाही. एखाद्या रविवारी संघ पाडताना गावाचे दोन, टॉवरचे दोन, खोल्यांमधले दोन असे पाडून बघा. पोरं सुरुवातीला कुरकुरतील. मग कोणाला यॉर्कर टाकता येतो हे कळलं की कुरकुर आपोआप थांबेल.

मोठ्यांच्या जगातही हेच चालतं. मलंगगड इथून दिसतो. तिथल्या दर्ग्याच्या विश्वस्तपदावर पिढ्यानपिढ्या एक ब्राह्मण कुटुंब राहिलं आहे, आणि त्याच गडाच्या मालकीवरून गेली चाळीसेक वर्षं वादही धुमसतो आहे. एकत्र सांभाळायची जागा आणि एकमेकांकडून जिंकायची जागा, एकाच डोंगरावर. मुलांना तिथे नेलंत तर दोन्ही गोष्टी सांगा. पाचवी-सहावीतल्या मुलांना हे नीट कळतं.

भाषेची भीती बऱ्याच जणांच्या मनात असते, म्हणून ती आधी बाजूला करते. "आजूबाजूला सगळं हिंदी, मुलाचं मराठी जाईल." उल्हासनगरकडे बघा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये ठेवलं होतं. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीची उल्हासनगर ही वसाहत झाली. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प चार, कॅम्प पाच असंच म्हणतात. सिंध सोडून आलेले लोक इथे एकगठ्ठा राहिले. शेजार सिंधी, दुकानं सिंधी, चेटीचंड आणि चालियाचे उत्सव थाटात. १९६७ मध्ये सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही जागा मिळाली. एवढं असूनही आज तिथल्या बऱ्याच घरांत नातवंडं आजीशी हिंदीत बोलतात आणि सिंधी लिपी त्यांना वाचता येत नाही. म्हणजे आपल्याच लोकांत राहूनही भाषा निसटू शकते. मला दिसतं ते असं, की ज्या घरात आईवडील मुलाशी ती भाषा बोलायचे थांबले तिथून ती निघून गेली, शेजारी कोणीही असो. दहावीपर्यंत सगळ्या शाळांत मराठी शिकवणं २०२० च्या कायद्याने बंधनकारक आहे, पण तास भरून भाषा टिकत नाही. रात्री जेवताना तुम्ही कोणत्या भाषेत रागावता, त्यावर बरंच ठरतं. शेजारच्या भोजपुरी बोलणाऱ्या मुलावर याचं खापर फोडू नका. उलट तुमचं मूल त्याच्याकडून दोन वाक्यं शिकून आलं तर खुश व्हा. चार-पाच वर्षांच्या मुलाला तिसरी भाषा आपल्याला दुसरीची होते तेवढीही जड होत नाही.

आता पैशांच्या फरकाबद्दल. इथे पालक जास्त घाबरतात, फक्त उघड बोलत नाहीत. शिक्षणहक्क कायदा, म्हणजे आरटीई, २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०ला. त्यात खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे कलम उचलून धरलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने नियम बदलून, जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो बदल रद्दच केला. अंबरनाथसारख्या दाट शहरात एक किलोमीटरच्या आत कुठली ना कुठली पालिकेची किंवा अनुदानित शाळा असतेच, म्हणजे ही सूट राहिली असती तर आरटीई इथे नावापुरताच उरला असता.

त्या काळात चांगल्या घरातले पालक खासगीत काय बोलत होते तेही ऐकलं आहे. "त्या मुलांमुळे आमच्या मुलांचं नुकसान होतं." होतं का? गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने दिल्लीतल्या बड्या खासगी शाळांमध्ये हेच तपासलं. गरीब घरांतली मुलं वर्गात आल्यावर सधन मुलांचं काय होतं? त्याचा शोधनिबंध २०१९चा आहे. ती मुलं जास्त उदार झाली, इतरांसाठी काही करायला जास्त तयार झाली, आणि गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली. धावण्याच्या शर्यतीसाठी जोडीदार निवडायचा होता तेव्हा, ओळखीचा अनुभव नसलेल्या सधन मुलांपैकी अनेकांनी जास्त वेगाने धावणारा गरीब मुलगा सोडून हळू धावणारा श्रीमंत मुलगा घेतला, बक्षीस हातचं जाऊ दिलं. गरीब वर्गमित्र असलेल्या मुलांनी हा तोटा कमी वेळा करून घेतला. गुणांचं काय? हिंदी आणि गणितात फरक नाही, इंग्रजीत किंचित घट. ती किंचित घटही मी तुमच्यापासून लपवत नाही. तिची किंमत प्रत्येकाने आपापली ठरवावी. मला ती नगण्य वाटते. तुमच्या मुलीला इंग्रजीत ९२ ऐवजी ९० मिळाले तर तिचं आयुष्य अडत नाही. तिला आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाजवळ बसताना अंग चोरायची सवय लागली तर मात्र ती बरीच वर्षं जात नाही.

अमेरिकेत राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी फेसबुकवरच्या कोट्यवधी मैत्र्यांचा अभ्यास २०२२ मध्ये मांडला. ज्या भागात गरीब आणि सधन लोकांच्या एकमेकांशी मैत्र्या जास्त, तिथली गरीब मुलं मोठेपणी जास्त कमावताना दिसली. तिकडचं आपल्याकडे जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण नोकरीची जागा कुठे आहे, कोणता कोर्स घ्यावा, फॉर्म कसा भरावा, हे ओळखीतूनच कळतं, हे आपल्याला त्या अभ्यासाआधीच माहीत होतं.

इथे मला दुसऱ्या बाजूच्या आईवडिलांशी बोलायचं आहे. विविधतेवरचे असे लेख बहुतेकदा सधन घराला समोर ठेवून लिहिले जातात, जणू गरीब मूल हे त्यांच्या मुलाच्या संस्कारांचं साहित्य आहे. तुमचं मूल आरटीईतून मोठ्या शाळेत गेलं असेल तर सरमिसळीची किंमत तेच मोजतं. वाढदिवसाला वर्गात वाटायचे रिटर्न गिफ्ट. गॅदरिंगच्या ड्रेसचं भाडं. सहलीचे पैसे. सुटीत कुठे गेलात यावर निबंध. शिक्षक मनाने चांगले असले तरी पुस्तकांच्या याद्या वेगळ्या लागतात, आणि मुलांना कळायचं ते कळतं. याखेरीज एक गोष्ट शाळेत पहिलं पाऊल ठेवतानाच माहीत असलेली बरी: मोफत शिक्षण आठवीपर्यंत आहे. नववीला पूर्ण फी समोर येते, आणि नेमक्या त्या वयात मुलाला शाळा सोडायला लावणं सगळ्यात कठीण असतं. प्रवेश घेतानाच आठ-नऊ वर्षं पुढचा हिशेब करा. शाळेत नववी-दहावीची फी आज किती आहे ते विचारा, त्याच शाळेतून पुढे गेलेल्या आरटीईच्या मुलांचे पालक शोधून काढा. लाजू नका, हा तुमच्या मुलाचा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

दलित आणि आदिवासी घरांतल्या आईवडिलांना "मिसळा, मिसळा" असं सांगायला मी धजावत नाही. आपली वस्ती, आपला विहार, अडीअडचणीला धावून येणारी आपली माणसं सोडून जिथे आडनाव सांगताच समोरच्याचा चेहरा बदलतो अशा इमारतीत मुलाला घेऊन जायचं, हा निर्णय बाहेरून कोणी शिकवायचा नसतो. एवढंच म्हणेन, गेलात तर एकटे जाऊ नका. आपल्यातलं आणखी एखादं कुटुंब तिथे असेल तर मुलाला घरी येऊन सांगायला, आणि तुम्हाला सभेत बोलायला, बरंच सोपं जातं.

कायद्यावर विसंबायचं तर त्यालाही मर्यादा आहेत. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासद पारशीच हवेत असा पोटनियम वैध ठरवला. एका समाजाची सोसायटी असणं हे आपल्याकडे कायद्यात बसतं. न लिहिलेले नियम तर त्याहून जास्त. "नॉनव्हेज चालणार नाही" म्हणून मराठी माणसाला घर नाकारलं की आपण संतापतो, आणि ते रास्तच आहे. मग आपल्याच इमारतीत "त्यांना भाड्याने देऊ नका" असा ठराव आला की तोच संताप कुठे जातो, हे एकदा स्वतःला विचारून बघा. मुलं सोसायटीच्या सभेला येत नसतात, पण सभेहून आल्यावर आपण स्वयंपाकघरात जे बोलतो ते ऐकतात.

आता हवेबद्दल, कारण मोरिवलीचं नाव घेऊन ते टाळता येणार नाही. इथे इतक्या प्रकारची माणसं एकत्र का आहेत? जागा स्वस्त आहे. स्वस्त का? कारखान्यांचा शेजार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मोरिवली एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यातून वायू बाहेर पडला आणि रात्री अंबरनाथच्या रस्त्यांवर धुकं पसरल्यासारखं झालं. लोकांचे डोळे चुरचुरले, घसे खवखवले. ज्याच्याकडे गाडी आणि कल्याणला नातेवाईक होते तो निघून गेला. ज्याची खोली कुंपणाला लागून होती त्याने ओला फडका तोंडावर धरला. ही आर्थिक विविधता कुठल्या माहितीपत्रकात नसते.

म्हणून माझ्यावर विश्वास ठेवून, केवळ मुलाला वेगवेगळी माणसं भेटावीत म्हणून चिमण्यांच्या छायेत घर घेऊ नका. दमा असलेलं मूल असेल तर प्रश्नच मिटला. घर बघायला दिवसा जाता तसं एकदा रात्री दहानंतर आणि एकदा पावसाळ्यात जा. वास कधी येतो हे तिथल्या किराणा दुकानदाराला विचारा, एजंटला नको. बदलापूरला उल्हास नदीच्या बाजूला बघत असाल तर पूररेषा कुठून जाते ते नगरपालिकेत जाऊन बघा. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, ते सगळ्यांना आठवत असेल. त्याच पाण्यात कोणाकोणाची तळमजल्याची घरं होती ते आठवत नाही. फुप्फुसं आणि पाणी आधी, संस्कार नंतर, हा क्रम मी कोणालाही बदलायला सांगणार नाही. दूषित हवेला मात्र "आपले लोक" आणि "त्यांचे लोक" असा फरक कळत नाही, आणि टॉवरवाले नि खोल्यांवाले एका अर्जावर सह्या करतात अशी वेळ आली तर ती याच मुद्द्यावर येते. त्या अर्जाच्या कामाला मुलांना बरोबर न्या. मिश्र संघ म्हणत होते तो हाही आहे.

मग पाहणी कशी करायची? शाळेत जाल तेव्हा ब्रोशर बाजूला ठेवा आणि विचारा, आरटीईची मुलं वेगळ्या तुकडीत बसतात का, सहलीला येतात का, गॅदरिंगच्या नाटकात कोणती कामं मिळतात. या तीन उत्तरांत शाळा कळते. संध्याकाळी पाच-साडेपाचला परिसरातलं मोकळं मैदान शोधा. ते सापडलंच नाही तर तेही उत्तर आहे. वाचनालय आहे का, पोहण्याचा पालिकेचा तलाव आहे का, कबड्डी किंवा कराटेचा कमी फीचा वर्ग आहे का, हे बघा. जिथे फी कमी तिथे सगळ्या घरांची मुलं येतात. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराची जत्रा बघा. शके ९८२, म्हणजे १०६०चा शिलालेख असलेलं हे देऊळ, आणि त्याच्याभोवती त्या दिवशी टॉवर, गाव, कॅम्प, कॉलनी सगळेच रांगेत. वर्षातून एक दिवस सगळे एका रांगेत उभे राहतात. तुम्ही बघायचं ते उरलेल्या दिवसांत.

काही जणांना हे वाचून वाटेल, आमचं घर घेऊन झालं, वीस वर्षांचा हप्ता चालू आहे, आता काय? घर बदलायची काहीच गरज नाही. तुमच्याच इमारतीत बघा. कामाला येणाऱ्या बायकांना लिफ्ट वापरू देत नाहीत का? वॉचमन आपल्या कुटुंबासह तिथेच राहतो का, आणि त्याची मुलं पोडियमवर आली की त्यांना हाकलतात का? गणपतीच्या कार्यक्रमात नाच, चित्रकला, वक्तृत्व यांची नावं फक्त सभासदांच्या मुलांसाठी घेतात का? हे नियम दगडावर कोरलेले नसतात. बहुतेक कधीतरी एखाद्या सभेत कोणीतरी हात वर केला म्हणून झालेले असतात. गणपतीची वर्गणी गोळा करायच्या आधी जी सभा होते तिच्या विषयपत्रिकेत एक ओळ घालून घ्या, की परिसरात काम करणाऱ्यांच्या मुलांना स्पर्धांमध्ये भाग घेता येईल. कोणीतरी विचारेल, मग बक्षिसं त्यांनीच नेली तर? त्यांनीच नेली तर नेऊ द्या, टाळ्या वाजवा, आणि पुढच्या वर्षी आपल्या पोरांना जरा जास्त सराव करायला लावा.